भीतीमुक्त शाळेतली हजेरी

एका जंगलात (कोणत्या, ते विचारू नका मुलांनो, तुम्ही विचारलंत की तुमचे आईबाबा तिथे सहल काढतील आणि वेफर्सची रिकामी पाकिटं टाकून येतील) एका जुन्या मोहाच्या झाडाखाली एक शाळा होती.

शाळेला भिंती नव्हत्या. त्यामुळे भिंतीवर सुविचारही नव्हते. तरी पिल्लं बऱ्यापैकी वागत.

शिकवायला एकच बाई होत्या, सायाळबाई. सायाळ म्हणजे पाठीवर लांब, काळेपांढरे काटे असणारा तो प्राणी. एरवी ते काटे पाठीवर निजलेले असतात. सायाळ घाबरली किंवा चिडली की उभे राहतात. तुमच्या बाईंचंही असंच होत असणार, फक्त साडीमुळे दिसत नाही.

मुख्याध्यापक होते कासवसर. त्यांचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ते निवृत्त होत नव्हते. संकट आलं की ते मान आत घेत. परिपत्रक आलं तरी आत घेत. दोन्हींत फरक असतो असं त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी दिसलं नव्हतं.

या शाळेत हजेरी घ्यायची एक वेगळी रीत होती. बाईंनी नाव घेतलं की पिल्लानं 'हजर' म्हणायचं नाही. हजर काय, कुणीही म्हणतं. तिथे पिल्लानं आपापली हाक द्यायची. मोराच्या पिल्लानं केकाटायचं, डुकराच्या पोरानं घुरघुरायचं, वानराच्या पोरानं हूप करायचं. सशांना आवाज नाही, ते बिचारे पाय आपटत. हाक आली की बाई पुढच्या नावाकडे वळत. नाही आली तर थांबत. पिल्लू घसा खाकरेल, लाजेल, शेजारच्याला चिमटा काढेल, पण बाई थांबलेल्याच. "सावकाश," म्हणत, "मला कुठे गाडी पकडायचीय."

अभ्यासात बरंच काही होतं; पण मुख्य होता तो धडा पाचवा. त्याचं नाव 'पळावे कसे आणि कोठे'.

त्याचं असं आहे, की जंगलात भेकर नावाचं एक लहानसं तांबूस हरीण असतं आणि ते चक्क कुत्र्यासारखं भुंकतं. भॉक. एकदाच भुंकलं तर त्याचा अर्थ, मी इथे आहे. थांबायचं नाव न घेता भुंकत राहिलं तर त्याचा अर्थ, बिबट्या आलाय, पळा. वानरंही ओरडतात म्हणा. पण वानरं कशालाही ओरडतात, म्हणून त्यांच्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. भेकराची हाक आली की मात्र सशांनी बिळात, वानरांनी शेंड्यावर, डुकराच्या पोरांनी करवंदीच्या जाळीत, ज्यानं त्यानं आपल्या ठरलेल्या जागी जायचं. मागे वळून बघायचं नाही. दप्तर घ्यायला थांबायचं नाही. बाई हा धडा दर आठवड्याला घेत आणि त्याची परीक्षा बिबट्या घेई. त्यामुळे कॉपीला वाव नव्हता.

सगळं ठीक चाललं होतं. मग घोगरी आली.

घोगरी ही साथ होती. आधी घसा बसायचा, मग ताप यायचा, आणि मग काही जण उठायचे, काही जण उठत नसत. राजवाड्यातून हुकूम सुटला की हा आजार हाकेतून पसरतो. तेव्हा सर्वांनी आपापल्या बिळात, ढोलीत, जाळीत बसावं आणि तोंड उघडू नये. जंगल एकदम गप्प झालं. सिंहमहाराजांनीही डरकाळी बंद ठेवली. अर्थात, त्यांची डरकाळी कुणी मागितली नव्हती.

शाळा बंद पडली, पण शिक्षण चालूच राहिलं पाहिजे असं वर ठरलं. त्यासाठी सुतारपक्षी नेमले गेले. सुतारपक्ष्यानं एका झाडावर धडा ठोकायचा, ते ठोके खोडाखोडातून, मुळामुळांतून जायचे आणि पिल्लानं घरच्या खोडाला कान लावून शिकायचं. कल्पना छान होती. ज्यांचं घर सागाच्या बुंध्याशी होतं त्यांना सगळं स्वच्छ ऐकू येई. काहींच्या घरचं झाड पोकळ होतं, त्यांना एक ठोका तीनदा ऐकू येई आणि ती पिल्लं गणितात फार पुढे गेली. आणि जी गवतात राहत, खडकाच्या कपारीत राहत, त्यांना झाडच नव्हतं. ती शिक्षणात गैरहजर धरली गेली.

सायाळबाई आपल्या बिळात एकट्याच होत्या. कुणाला सांगू नका, पण रोज सकाळी त्या बिळाच्या मातीच्या भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात हजेरी घेत. एकेक नाव घ्यायच्या आणि थांबायच्या. भिंत काही बोलायची नाही. मग पुढचं नाव. त्यांना भीती वाटायची की थांबवलं तर नावं विसरू.

असे दोन पावसाळे गेले. घोगरी ओसरली. शाळा उघडली.

पिल्लं आली खरी, पण ती जुनी पिल्लं नव्हती. वानराचं पोर बाईंकडे बघेनाच. ते मोहाच्या खोडाला कान लावून बसलं आणि बाई समोर उभ्या राहून बोलल्या तर म्हणालं, "बाई, ठोके तुटतायत." मोराचं पिल्लू दुसऱ्या पिल्लाला बघून दचकत होतं. डुकराची पोरं तास सुरू झाला की झोपत. घरी तीच सवय लागली होती. ससे मधेच उठून खायला जात. बाईंचंही काही बरं नव्हतं. त्यांच्या पाठीवरचे काटे निजायला तयारच नव्हते. पान पडलं तरी उभे राहत, कुणी शिंकलं तरी उभे राहत. बाईंना स्वतःचीच लाज वाटे. त्या काटे दाबून बसवत आणि पिल्लांसमोर हसत.

पण एकेक करून पिल्लं हजेरीला हाका देऊ लागली. फाटक्या, बेसूर, अर्ध्याच, पण हाका. फक्त एका नावाला हाक येत नव्हती.

"तांबुली."

तांबुली म्हणजे भेकराची पोर. मागच्या ओळीत, झुडपाला पाठ लावून बसायची. नाव घेतलं की मान खाली घालायची. बाई थांबायच्या. पोरं चुळबुळ करायची. शेवटी डुकराचं एखादं पोर तिच्या वतीनं "भॉक" करायचं. ते इतकं वाईट भुंकायचं की झाडावरचा पोपट खाली वाकून बघायचा.

"तुझं नाव तांबुली आहे का?" बाई विचारत.

"नाही बाई."

"मग बस खाली."

आणि परत थांबत. खूप वेळानं म्हणत, "बरं, उद्या," आणि धड्याकडे वळत.

एके दिवशी शाळा सुटल्यावर तांबुलीची आई आली. बराच वेळ ती नुसतीच गवत हुंगत राहिली.

"बाई, पोर घरात बी बोलत न्हाई," शेवटी ती म्हणाली. "साथीत तिचा बाप पलीकडच्या टेकाडावर चरायला गेला हुता. ही चुकली, घाबरली, तिनं हाक मारली. लेकरूच ते. बापानं वळून हाक दिली नि धावत आला. दुसऱ्या दिवशी त्याचा घसा बसला. चार दिसांत गेला."

बाई तिच्याजवळ सरकल्या.

"तिला वाटतंय तिच्या हाकेनंच गेला. सरकारनंच सांगितलं हुतं ना, हाकेतून पसरतंय म्हणून."

बाईंचे सगळे काटे उभे राहिले. या वेळी भीतीनं नाही. त्यांना फार वाईट वाटलं आणि हुकूम लिहिणाऱ्याचा संतापही आला. पण हुकूम लिहिणारा राजवाड्यात होता आणि पोर समोरच्या झुडपात उभी राहून सगळं ऐकत होती.

बाई झुडपापाशी गेल्या, काटे टोचू नयेत म्हणून जरा लांबच बसल्या.

"तांबुले, हाकेनं कुणी मरत असतं ना, तर कावळा कधीच गेला असता."

 झुडपात एक कान हलला.

"तुझी हाक ऐकून तुझे बाबा धावत आले, एवढंच तुझ्या हाकेनं झालं. आजार आधीच आला होता. मी रोज थांबणार आहे तुझ्या नावाशी. तुला वाटेल तेव्हा दे."

आता तुम्ही म्हणाल, झालं, दुसऱ्या दिवशी तांबुली भुंकली असेल. तुम्ही फार गोष्टी ऐकता. दुसऱ्या दिवशी तांबुली भुंकली नाही. तिसऱ्याही नाही. दुसऱ्या दिवशी फक्त कावळा परिपत्रक घेऊन आला.

परिपत्रकात म्हटलं होतं की साथीमुळे शाळांचं अपार नुकसान झालं असून शाळा, शिक्षक आणि पिल्लं यांना आधार देण्यासाठी महाराजांनी 'भीतीमुक्त शाळा अभियान' सुरू केलं आहे. अभियानाचे प्रमुख म्हणून श्री. ठिपकेसाहेब यांची नेमणूक झाली आहे.

ठिपकेसाहेब म्हणजे बिबट्या.

हसू नका. नेमणुकीमागे विचार होता. साथीच्या काळात सगळे बिळात बसले होते. त्यामुळे बिबट्या, अजगर, कोल्हे यांचे फार हाल झाले. शाळा उघडाव्यात अशी तळमळ जंगलात कुणाला लागली असेल तर ती त्यांना. पालकांपेक्षाही जास्त. अर्ज त्यांचेच सगळ्यांत आधी आले. शिवाय पिल्लांजवळ आवाज न करता तासन् तास बसून राहायचा साहेबांना अनुभव होता.

"सर, हा बिबट्या आहे," बाई कासवसरांना म्हणाल्या.

"होता," कवचातून सर म्हणाले. "आता साहेब आहेत. परिपत्रक नीट वाचा."

साहेब आले. गळ्यात पळसाच्या पानाचं ओळखपत्र होतं. ज्याच्या गळ्यात ओळखपत्र आहे त्याला घाबरायचं नसतं, असं परिपत्रकातच होतं. साथीत ते फार वाळले होते. बरगड्या मोजून घ्याव्यात. त्यांनी सगळ्या पिल्लांकडे एकेक करून मायेनं पाहिलं.

"मुलं ही आपली संपत्ती आहे," ते म्हणाले आणि आवंढा गिळला. पालकांना गहिवरून आलं.

मग साहेबांनी प्रत्येक पिल्लाचं वजन करवलं. हलक्या पिल्लांबद्दल त्यांनी चिंता व्यक्त केली. "हा ससा अगदीच पोकळ आहे," ते म्हणाले. "याला दुपारची खिचडी दुप्पट द्या. मी पुन्हा येऊन पाहीन." आजवर कुठल्याही अधिकाऱ्यानं पिल्लांची इतकी आस्थेनं चौकशी केली नव्हती. सशाची आई तर रडलीच.

त्यानंतर त्यांनी अभ्यासक्रम मागवला. साथीमुळे पिल्लांवरचा ताण कमी करायचा होता, म्हणून काही भाग वगळायचा होता. सगळं पुस्तक चाळून साहेबांनी एकच धडा वगळला. पाचवा.

"पळावे कसे," त्यांनी शीर्षक वाचून मान हलवली. "किती नकारात्मक. कोवळ्या मनावर काय परिणाम होत असेल. पुढच्या भेटीला मला एकही पिल्लू पळताना दिसता कामा नये."

"साहेब, पण धोका आला तर?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी बाईंच्या पाठीकडे पाहिलं. काटे उभे होते.

"आधी कर्मचाऱ्यांवर काम करावं लागणार," ते हळूच म्हणाले.

कर्मचाऱ्यांच्या ताणमुक्तीसाठी वेटोळेमॅडम आल्या. मॅडम अजगर होत्या आणि आलिंगनाच्या पद्धतीनं ताण घालवत. त्यांचं नाव मोठं होतं. ओढ्यापलीकडच्या शाळेत त्यांनी शिबिर घेतलं त्यानंतर ताणाची एकही तक्रार आली नव्हती. तक्रार करायला तिथे कुणी उरलंही नव्हतं, पण अहवालात पहिलंच वाक्य होतं.

"श्वास सोडा," मॅडम बाईंना म्हणाल्या. "पूर्ण सोडा. आत घ्यायची घाई करू नका."

मग त्यांनी आलिंगन द्यायला सुरुवात केली आणि तितक्याच चपळाईनं थांबवली. त्यांच्या अंगात तीन काटे रुतले होते.

"तुम्ही अजून मदत स्वीकारायला तयार नाही आहात," मॅडम दुखऱ्या आवाजात म्हणाल्या. त्यांनी तसा शेरा दिला. उपाय म्हणून गुळवेल आणवला आणि बाईंचे काटे पाठीवर चापून बांधून टाकले. पुढच्या भेटीपर्यंत वेल सोडायचा नाही, अशी सूचना लेखी दिली.

कासवसरांकडेही मॅडम गेल्या होत्या. सर कवचात होते. मॅडमनी कवचाला वेटोळं घालून बराच वेळ आधार दिला आणि शेवटी दमून निघून गेल्या. सरांना पत्ताच लागला नाही. त्यांनी 'समाधानकारक' अशी सही केली.

बाई बांधलेल्या पाठीनं शिकवत राहिल्या. वेल काचायचा. पिल्लं त्यांच्याकडे बघून गप्प व्हायची. पाचवा धडा बंद झाला, त्या जागी डोळे मिटून हसायचा तास आला. वेळापत्रकात तसं होतं: डोळे मिटणे, आणि लगेच हसणे. डुकराच्या पोरांना तो तास फार आवडला, कारण ती पहिल्या भागातच झोपत.

पण हजेरी कुणी बंद केली नव्हती. हजेरी वगळायचं साहेबांच्या लक्षात आलं नव्हतं. बाई रोज नावं घेत आणि तांबुलीच्या नावाशी थांबत. तांबुली आता मान खाली घालत नसे. ती बाईंकडे बघायची. तोंड उघडायची आणि मिटायची. बाई रोज म्हणत, "बरं, उद्या."

मग साहेबांची दुसरी भेट ठरली. आनंदमेळावा. पालक सकाळीच पिल्लांना न्हाऊमाखू घालून सोडून गेले. पालकांनी थांबू नये असं सुचवलं होतं. त्यांच्यामुळे पिल्लं मोकळी होत नाहीत. ससे खिचडी खाऊन गरगरीत झाले होते. सगळ्यांनी गोल करून, डोळे मिटून बसायचं होतं आणि साहेब आल्यावरच उघडायचे होते. कावळा मोहाच्या फांदीवर बसून नोंदी घेणार होता.

"साहेब कुठून येणार?" बाईंनी विचारलं.

"वारा जिकडे जातोय तिकडून," कावळा म्हणाला. "त्यांना अंगाचा वास पुढे आलेला आवडत नाही. फार साधे आहेत. वाजतगाजत येत नाहीत."

बाईंच्या पाठीत कळ गेली. काटे उठू पाहत होते आणि वेल त्यांना उठू देत नव्हता.

"सर, हे बरं नाही. पिल्लांना घरी सोडू या."

"मेळावा आहे, सायाळबाई," सर म्हणाले. "वर कळवलंय." आणि मान आत गेली.

बाईंना काही सुचेना. पिल्लं समोर डोळे मिटून बसली होती, धुतलेली, चकचकीत, एकाला एक लागून. साथीत बाईंनी अंधारात बसून ज्यांची नावं घोकली होती ती सगळी. बाईंना त्या वेळी जेवढी भीती वाटली तेवढी घोगरीतही वाटली नव्हती. मग त्यांनी, दुसरं काही येत नसल्यामुळे, हजेरी सुरू केली.

मोराचं पिल्लू केकाटलं. ससे थपथप पाय आपटून मोकळे झाले. वानराच्या पोरानं हूप केलं. डुकराची पोरं झोपेतच घुरघुरली.

"तांबुली."



बाई थांबल्या. कावळा म्हणाला, "उरका ना." बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. तांबुलीचे नव्हते. टेकडीवरच्या त्या दिवसापासून ती डोळे मिटून बसायला घाबरायची. हसायच्या तासालाही ती उघड्या डोळ्यांनीच बसायची आणि त्याबद्दल तिला 'असहकार्य' असा शेरा मिळाला होता. ती बाईंकडे बघत होती. मग बाईंच्या मागे, उंच गवताकडे बघू लागली.

तिनं तोंड उघडलं.

"भॉक."

गंजलेला, चिरका, पण आवाज होता. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. केवढा आनंद झाला त्यांना. "शाबास, बाळा," त्या म्हणाल्या, "हजर."

"भॉक," तांबुली म्हणाली.

"झालं, राजा. हजेरीला एकदा पुरे."

"भॉक. भॉक. भॉक. भॉक."

मग बाईंना कळलं. आणि मुलांनो, पोरांना त्यांच्याही आधी कळलं होतं. अभ्यासक्रमातून धडा वगळला तरी पायांतून वगळला जात नाही. सशांची पांढरी शेपटं बिळात गेली. वानराचं पोर खोडाला कान लावून शिकलेलं सगळं विसरून त्याच खोडावरून सरळ शेंड्यावर गेलं. मोराचं पिल्लू उडालं, तेही आजवर उडता येत नसताना. डुकराची पोरं झोपेतून उठून करवंदीच्या जाळीत घुसल्यावर पूर्ण जागी झाली. कुणी मागे वळून बघितलं नाही.

गवतातून साहेब निघाले ते आधार द्यायच्या पूर्ण तयारीत, चारही पाय हवेत. तांबुली तेवढी उरली होती. ती पळत नव्हती. सगळे जाईपर्यंत भुंकत राहायचं असतं, हे तिला बापानं शिकवलं होतं.

बाई मधे आल्या आणि साहेबांकडे पाठ केली.

वेल तुटला. तुटतानाचा आवाज सगळ्या शाळेनं ऐकला. कितीतरी दिवस दाबून ठेवलेले काटे एकदम उभे राहिले आणि साहेबांचं नाक त्यांच्यावर आलं. साहेब जे काही ओरडले ते अभियानाच्या भाषेत नव्हतं. ओळखपत्र तिथेच टाकून ते आले त्या वाटेनं गेले, आणि या वेळी चांगलेच वाजतगाजत गेले.

तांबुली भुंकतच होती. आता तिला थांबता येत नव्हतं. भुंकता भुंकता ती रडत होती. टेकडीपलीकडून तिची आई धावत आली.

"तिच्या बापासारखाच आवाज," आई म्हणाली. "अगदी तसाच." आणि दोघी एकमेकींना चाटत राहिल्या.

 बाईंनी हजेरी पुन्हा पहिल्या नावापासून घेतली. नाव घेतलं की कुठून तरी हाक येई. बिळातून थपथप, जाळीतून घुर्र, शेंड्यावरून हूप. एकही नाव रिकामं गेलं नाही. बाई मोहाखाली बसल्या आणि भरपूर रडल्या. त्यानंतर, साथ सुरू झाल्यापासून पहिल्यांदा, त्यांचे काटे आपणहून पाठीवर निजले.

फांदीवर कावळा अहवाल तयार करत होता. तो शिकलेला होता. जे दिसतं तेवढंच त्यानं नोंदवलं.

अहवाल असा: भेटीच्या वेळी पिल्लांची उपस्थिती शून्य. एक पिल्लू सतत ओरडताना आढळले. शिक्षिका काटेरी. मुख्याध्यापक शांत व स्थिर, त्यांचा आदर्श इतरांनी घ्यावा. प्रमुखांच्या नाकास अभियानात दुखापत. शाळेत भीती मोठ्या प्रमाणावर शिल्लक असून शाळेला तातडीने अधिक मदतीची गरज आहे.

मदत मंजूर झाली. कासवसरांना आदर्श मुख्याध्यापकाचा पुरस्कार मिळाला; तो घेण्यासाठी मान बाहेर काढावी लागणार होती, म्हणून त्यांनी तो कवचावरच ठेवायला सांगितला. आणि सायाळबाईंसाठी आदेश आला. त्यांनी सर्व पिल्लांसह साहेबांच्या गुहेत निवासी शिबिराला यावं. जाण्याची सोय अभियान करेल. परतीची सोय केलेली नाही.

खाली एक अट होती, ती महाराजांच्या आजोबांच्या काळापासून प्रत्येक आदेशात असते: त्या दिवसाची हजेरी पूर्ण झाल्याखेरीज शिक्षकाने शाळा सोडू नये.

बाईंनी ती अट दोनदा वाचली.

"सर," त्या म्हणाल्या, "कळवून टाका, आम्ही नक्की येतो. हजेरी झाली की निघतोच."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुहेकडे न्यायला कोल्हे आले. बाईंनी हजेरी सुरू केली. मोर झाला, ससे झाले, वानर झालं.

"तांबुली."

"भॉक," तांबुली म्हणाली. "भॉक. भॉक. भॉक."

सगळी शाळा पळाली. कोल्हेही सवयीनं थोडे पळाले. पिल्लं परत यायला दुपार झाली. बाईंनी पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात केली.

असं रोज होतं. तांबुलीला एकदाच भुंकून थांबायला अजून जमत नाही. कोल्ह्यांनी विचारलं, की ही पोर बरी कधी होणार? बाई म्हणाल्या, "साथीचा परिणाम आहे हो. आम्ही प्रयत्न करतोय. वेळ लागतो." तुम्ही कधी त्या जंगलाजवळून गेलात तर तिचं भुंकणं ऐकू येईल. हजेरी चालूच आहे.

तात्पर्य: संकटानंतर मदतीला धावून येणाऱ्यांचे आभार जरूर मानावेत. फक्त ते झाडावर चढून मानावेत.